डंजन्स अँड ड्रॅगन्स आणि सैतानाची भीती: एका आईच्या प्रश्नाला उत्तर

टेक्ससमध्ये राहणाऱ्या एका मराठी आईने विचारले आहे. त्यांचा तेरा वर्षांचा मुलगा शाळेच्या क्लबात ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ खेळू लागला आहे. शेजारच्या, नेमाने चर्चला जाणाऱ्या बाईंनी ‘हा सैतानाचा खेळ आहे, यापायी मुलांनी जीव दिले आहेत’ असे सांगून एक जुनी चित्रपुस्तिका त्यांच्या हातात ठेवली. त्याच आठवड्यात साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर सासूबाईंनी खेळाच्या पुस्तकातले शिंगवाले चित्र पाहिले आणि ‘हे काय अभद्र घरात आणलंत’ असे विचारले. या म्हणण्यात तथ्य किती, ही समजूत आली कोठून, आणि या पुस्तकांत आपल्याही देवांची नावे आहेत म्हणतात ते खरे का, अशी त्यांची पृच्छा आहे.

मी अमेरिकेतील एका सार्वजनिक वाचनालयात बरीच वर्षे किशोरवयीन मुलांसाठी हा खेळ चालवीत आलो आहे, आणि शेजारच्या बाईंसारखे पालक मला अनेकदा भेटले आहेत. थोडक्यात उत्तर असे की, या खेळामुळे मुले आत्महत्या करतात किंवा जादूटोण्याकडे वळतात याचा पुरावा गेल्या चार-साडेचार दशकांत कोणीही देऊ शकलेले नाही. मात्र ती भीती निव्वळ मूर्खपणातून आली असे समजू नका. तिच्यामागे दोन खऱ्या मुलांचे खरे मृत्यू आहेत, एका आईचे दुःख आहे आणि एक विशिष्ट धर्मदृष्टी आहे. ते समजून घेतल्याशिवाय शेजारणीशी चार शब्द नीट बोलता येणार नाहीत.

आधी खेळ. विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा या लहानशा गावात विमा कंपनीत काम केलेला गॅरी गायगॅक्स आणि मिनेसोटातील डेव्ह आर्नेसन या दोघांनी, युद्धखेळांच्या आवडीतून, जानेवारी १९७४ मध्ये एका पेटीत तीन छोट्या पुस्तिका घालून तो विक्रीस काढला. पहिली आवृत्ती हजार प्रतींची होती. प्रकाशन गायगॅक्सच्या ‘टीएसआर’ या कंपनीचे होते. पट नाही, जिंकणे-हरणे नाही. एक जण गोष्ट सांगतो, त्याला डंजन मास्टर किंवा डीएम म्हणतात. बाकीचे एकेका पात्राच्या वतीने ‘मी हे करतो’ असे सांगतात. आणि ते जमले की नाही हे फासे ठरवतात.

टेबलावर प्रत्यक्षात काय चालते ते एका प्रसंगावरून सांगतो. पूल ओलांडायचा आहे, पुलाखाली एक राक्षसी ट्रोल बसला आहे. तीन मुलगे तलवारी उपसायला निघाले आहेत, पण एका मुलीला त्या ट्रोलला जेवू घालून त्याच्याशी मैत्री करायची आहे. मी म्हणतो, पंधरा लागतील. तिच्या पात्राच्या कागदावर बोलण्याच्या कौशल्यापुढे ‘अधिक तीन’ लिहिले आहे. वीस बाजूंचा फासा घरंगळतो, अकरा पडतात. अकरा आणि तीन चौदा. सगळे टेबल कळवळते, आणि पुढची दहा मिनिटे, शिळ्या मटणाबद्दल ‘अधिक एक’ द्यायला हवा होता की नाही, यावर वाद चालतो. खेळाचा बहुतेक वेळ असाच बेरजेत, वादात आणि हसण्यात जातो. खोलीबाहेरून ऐकणाऱ्याला ‘मी त्याला जाळून टाकते’ एवढेच वाक्य ऐकू येईल, हेही तितकेच खरे.

आता याच खेळाची पुस्तके, खेळ कधीही न पाहिलेल्या माणसाच्या हातात द्या. १९७७ च्या राक्षसांच्या पुस्तकात नरकातील दैत्यांची नावे, दर्जे आणि शक्ती कोष्टकासारख्या मांडल्या आहेत. १९७८ च्या खेळाडूंच्या पुस्तकात मंत्र आहेत, आणि प्रत्येक मंत्राला कोणते शब्द, कोणते हातवारे, कोणते साहित्य लागते याच्या सूचना आहेत. आगीचा गोळा फेकण्याच्या मंत्राला वटवाघळाची विष्ठा आणि गंधक लागते. अशा विष्ठेपासून सोरा मिळतो, आणि सोरा व गंधक म्हणजे अर्धी बंदुकीची दारू झालीच. लिहिणाऱ्याने थट्टा केली आहे हे जाणकाराला लगेच कळते. पण जो हे पुस्तक पोथी म्हणून वाचेल त्याला ती कृतीच वाटणार. त्या पुस्तकाचे मुखपृष्ठही असेच फसवे आहे. मध्यभागी शिंगवाल्या दैत्याची प्रचंड मूर्ती बसलेली आहे आणि तिचे डोळे लखलखत आहेत. जवळून पाहिले तर दोन भामटे मूर्तीवर चढून तिच्या डोळ्यातले रत्न उचकटत आहेत, खाली एक जण पाती पुसतो आहे, बाकीचे नकाशावर डोके खुपसून उभे आहेत. ते चित्र मूर्तिपूजेचे नसून मूर्तीच्या चोरीचे आहे. तरी पुढची दहा वर्षे धर्मसभांतून ते सैतानपूजेचे चित्र म्हणून दाखवले गेले असेल तर मला नवल वाटणार नाही. माझे मत विचाराल तर सारा गोंधळ इथेच आहे: ज्यांना भीती वाटली त्यांनी पुस्तके चाळली होती, टेबलाशी ते कधी बसले नव्हते.

खेळाचे नाव देशभर झाले ते १९७९ च्या ऑगस्टमध्ये. मिशिगन स्टेट विद्यापीठातील सोळा वर्षांचा एक अत्यंत हुशार विद्यार्थी वसतिगृहातून नाहीसा झाला. (दोन्ही मुलांची नावे जगजाहीर असली तरी मी ती मुद्दाम देत नाही, त्यांच्या नावावर पुरेसे खपवले गेले आहे.) कुटुंबाने टेक्ससमधील विल्यम डिअर नावाचा खाजगी गुप्तहेर नेमला. खोलीत बुचाच्या फळ्यावर टोचलेल्या टाचण्या सापडल्या, मुलगा डंजन्स अँड ड्रॅगन्स खेळत असे असे कळले, आणि विद्यापीठाखाली वाफेच्या नळांचे बोगदे होते. डिअरने वार्ताहरांपुढे तर्क मांडला की मुलगा खेळ खरा समजून बोगद्यांत हरवला असावा. वर्तमानपत्रांना आणखी काय हवे होते? सप्टेंबरमध्ये तो मुलगा लुइझियाना राज्यातील मॉर्गन सिटी येथे जिवंत सापडला. त्याच्या जाण्याचा खेळाशी काही संबंध नव्हता. लहान वयात विद्यापीठात आल्याचा एकाकीपणा, घरच्यांच्या अपेक्षांचे ओझे, स्वतःच्या लैंगिकतेविषयीची घुसमट, नैराश्य आणि अमली पदार्थ, अशी ती खरी कारणे होती. पण त्याने ती गुप्त ठेवण्याची विनंती केली आणि डिअरने ती पाळली. पुढच्या ऑगस्टमध्ये त्या मुलाने आयुष्य संपवले, आणि डिअरने खरी हकीकत पुस्तकरूपाने सांगितली ती १९८४ साली. मधली पाच वर्षे बोगद्यांची दंतकथा निर्धास्तपणे फिरत राहिली. तिच्यावर बेतलेली कादंबरी १९८१ मध्ये निघाली, आणि १९८२ मध्ये तिच्यावरून दूरचित्रवाणीवर चित्रपट झाला. त्यात तेव्हा फारसा कोणाला ठाऊक नसलेला टॉम हँक्स खेळापायी भान हरपलेल्या तरुणाच्या भूमिकेत होता. अमेरिकेतील पुष्कळ पालकांची या खेळाशी पहिली ओळख त्या चित्रपटातून झाली. इकडे बातम्यांमुळे खेळाचा खप मात्र झपाट्याने वाढला, हे ओघाने आलेच.

दुसरा मृत्यू अधिक महत्त्वाचा ठरला. जून १९८२ मध्ये व्हर्जिनिया राज्यात एका सोळा वर्षांच्या मुलाने आत्महत्या केली. शाळेत हुशार मुलांसाठी असलेल्या वर्गात तो हा खेळ खेळत असे. त्याची आई पॅट्रिशिया पुलिंग हिची खात्री पटली की खेळात मुलाच्या पात्राला मिळालेल्या शापामुळे हे घडले. तिने शाळेच्या मुख्याध्यापकांवर आणि नंतर टीएसआरवर दावे लावले. न्यायालयात ते टिकले नाहीत. मुलाच्या वर्गातील एका मुलीने वर्तमानपत्राला सांगितले होते की त्याच्या अडचणी पुष्कळ होत्या आणि त्यांचा खेळाशी संबंध नव्हता. पण एका आईच्या जागी बसून पाहा. दारे बंद करून मूल काय भोगत होते हे आपल्याला दिसले नाही, हा विचार सहन होण्यासारखा नाही. त्यापेक्षा बाहेरून कोणीतरी येऊन त्याला नेले, हे सोसणे सोपे. पुलिंगबाईंच्या विधानांची मी पुढे चिरफाड करणार आहे, तरी त्या कपटी होत्या असे मी कधीही म्हणणार नाही.

१९८३ मध्ये त्यांनी ‘बॉदर्ड अबाउट डंजन्स अँड ड्रॅगन्स’, संक्षेपाने ‘बॅड’, ही संघटना काढली. त्यांना दूरचित्रवाणीवरील हिंसाचाराविरुद्ध मोहीम चालवणारा थॉमस राडेकी हा मानसोपचारतज्ज्ञ येऊन मिळाला. दोघांनी मिळून खेळाच्या खोक्यावर धोक्याची सूचना छापायला लावावी अशी मागणी केंद्रीय यंत्रणांकडे केली. ती मान्य झाली नाही. १९८५ मध्ये ‘सिक्स्टी मिनिट्स’ या लोकप्रिय वृत्तकार्यक्रमात पुलिंगबाई आणि गायगॅक्स दोघेही दिसले. शोकाकुल आई एकीकडे आणि आपला माल विकणारा दाढीवाला माणूस दुसरीकडे, अशा मांडणीत प्रेक्षक कोणाच्या बाजूने जाणार हे सांगायला नको. पुढे पुलिंगबाई पोलिसांना सैतानपूजेच्या गुन्ह्यांवर व्याख्याने देऊ लागल्या.

त्यांचा मुख्य पुरावा म्हणजे वर्तमानपत्रांतली कात्रणे. अमुक मुलाने जीव दिला, तो हा खेळ खेळत असे. तमुक मुलाने खून केला, त्याच्या खोलीत ही पुस्तके सापडली. अशा घटनांची यादी काही वर्षांत काही डझनांपर्यंत गेली, आणि यादी वाचताना अंगावर काटा येतो. पण हिशेब करून पाहा. त्या काळात अमेरिकेत पंधरा ते चोवीस वयाच्या तरुणांत आत्महत्येचे प्रमाण वर्षाला लाखामागे साधारण १२ होते. खेळणारे तीस लाख धरले, आणि तेव्हाचे अंदाज त्याहून कमी नव्हते, तर खेळाचा काडीचाही परिणाम नसताना केवळ सरासरीने त्यांच्यात वर्षाला ३६० मृत्यू व्हायला हवेत. काही डझनांची यादी, तीही अनेक वर्षांची, यातून खेळ घातक असल्याचे सिद्ध होत नाही. मायकेल स्टॅकपोल या खेळलेखकाने १९९० मध्ये हाच मुद्दा एका सविस्तर अहवालात मांडला. त्यातील एक किस्सा विसरता येत नाही. पुलिंगबाईंनी रिचमंड परिसरातील ८ टक्के लोक सैतानपूजेत गुंतले असल्याचे सांगितले होते. हा आकडा कसा काढला असे विचारता त्या म्हणाल्या की किशोरवयीनांपैकी ४ टक्के आणि प्रौढांपैकी ४ टक्के, मिळून ८. असे केल्याने एकूण टक्केवारी ४ च राहते हे लक्षात आणून दिल्यावर त्यांचे उत्तर होते की त्याने फरक पडत नाही, कारण ८ हाही कमीच अंदाज असेल.

मानसशास्त्रज्ञांनीही ऐंशी-नव्वदच्या दशकांत खेळाडूंना प्रश्नावल्या देऊन पाहिल्या. नमुने लहान होते, त्यामुळे त्यांचा फार बडेजाव करू नये. पण खेळाडू इतरांपेक्षा भावनिकदृष्ट्या अस्थिर किंवा नैराश्यग्रस्त असल्याचे त्यांतून निघाले नाही. एकलकोंडी, घरी-शाळेत न रुळणारी मुले या खेळाकडे ओढली जातात, हे मी स्वतः पाहतो. कात्रणांत कारण आणि लक्षण यांची अदलाबदल होते ती इथे.

आता धर्माचा भाग, जो माझ्या मते सर्वांत जास्त गैरसमजाचा आहे. शेजारच्या बाई अडाणी आहेत असे मानून पुढे गेलात तर संवाद तिथेच संपेल. बायबलमधील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायात शकुन पाहणे, चेटूक करणे, मृतांना विचारणे यांना स्पष्ट मनाई आहे. बहुतेक ख्रिस्ती लोक ती खऱ्या चेटकाला लागू आहे असे मानतील, चेटकाच्या सोंगाला नाही. पण मत्तयच्या ५ व्या अध्यायात, परस्त्रीकडे वासनेने पाहणाऱ्याने मनात व्यभिचार केलाच, असेही वचन आहे. म्हणजे मनात केलेली गोष्ट हिशेबात धरली जाते. हे दोन्ही धागे कोणी काटेकोरपणे एकत्र विणले तर ‘मी फक्त मांत्रिक असल्याचा खेळ खेळतो’ हा बचाव त्याला बचाव वाटतच नाही. सैतान ही ज्यांच्या दृष्टीने प्रत्यक्ष वावरणारी व्यक्ती आहे, त्यांना दैत्यांची नावे उच्चारणे म्हणजे दार उघडे टाकणे वाटते. आपल्याला हे कळायला जड जाते, कारण आपण दशावतार पाहत मोठे झालो. रात्रभर राक्षस म्हणून गर्जना करणारा नट पहाटे रंग पुसून चहा पितो, आणि गावातल्या कोणालाही त्याला राक्षसाची बाधा झाली असेल असे वाटत नाही. पण हीच सवय सगळ्या धर्मपरंपरांना असते असे नाही.

आणि ख्रिस्ती माणसे सगळी एका बाजूला होती असेही नाही. गायगॅक्स स्वतः काही काळ ‘यहोवाज विटनेसेस’ या अत्यंत कडक पंथात होता. टीएसआरसाठी गाजलेली साहसे लिहिणारा ट्रेसी हिकमन मॉर्मन या ख्रिस्ती पंथाचा श्रद्धाळू अनुयायी. १९८४ मध्ये ‘ड्रॅगनरेड’ नावाचा खास ख्रिस्ती मुलांसाठीचा भूमिकाखेळ निघाला, ज्यात मंत्रांऐवजी बायबलमधील वचने तोंडपाठ म्हणावी लागत. उलट बाजूला त्याच वर्षी जॅक चिक या प्रचारकाची ‘डार्क डंजन्स’ ही तळहाताएवढी चित्रपुस्तिका आली. तुमच्या हातात दिलेली पुस्तिका बहुधा तीच किंवा तिच्याच जातीची असावी. तीत खेळातले पात्र मरते म्हणून एक मुलगी जीव देते, आणि दुसरीला खेळ चालवणारी बाई खऱ्या चेटकिणींच्या मंडळात नेते. शेवटी ती मुलगी धर्माकडे परतते आणि पुस्तके जाळली जातात. माझ्या टेबलावर पात्र मेले की मूल पाच मिनिटे फुरंगटते, मग नवा कागद घेऊन अर्ध्या तासात नवे पात्र तयार करते, आणि ते पात्र बहुतेक वेळा मेलेल्याचा ‘जुळा भाऊ’ असते.

हा वाद एकट्या या खेळाचाही नव्हता. १९७९ मध्ये जेरी फॉलवेल या धर्मोपदेशकाची ‘मॉरल मेजॉरिटी’ ही सनातनी ख्रिस्ती राजकीय संघटना उभी राहिली होती, शाळेत काय शिकवले जाते यावर चर्च आणि पालक लक्ष ठेवू लागले होते. १९८० मध्ये युटातील हेबर सिटी येथे पालकांच्या विरोधामुळे शाळेतला हा खेळ बंद झाला, तो याच वातावरणात. १९८३ पासून कॅलिफोर्नियातील मॅनहॅटन बीच येथील एका बालवाडीतल्या शिक्षकांवर सैतानी विधींचे आरोप झाले. खटले १९९० पर्यंत चालले आणि एकालाही शिक्षा झाली नाही. १९९४ मध्ये अर्कान्सास राज्यात तीन तरुणांना खुनांसाठी शिक्षा झाल्या. काळे कपडे, हेवी मेटल संगीत आणि जादूटोण्यावरची पुस्तके हे त्यांच्याविरुद्ध वापरले गेले, आणि ते तुरुंगातून सुटले २०११ साली. एफबीआयच्या केनेथ लॅनिंग यांनी १९९२ च्या अहवालात लिहिले की संघटित सैतानी हत्यांचा पुरावा कोठेही मिळत नाही. या सगळ्यापुढे एका खेळाची बदनामी ही किरकोळ बाब म्हणावी लागेल.

कंपनीने काय केले? थोडी वाकली. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीतून नरकातील दैत्य काढून टाकले, आणि दोन वर्षांनी ते ‘बाटेझू’ आणि ‘टानारी’ अशी निरर्थक नावे घेऊन परत आले. जुने खेळाडू यावर चिडले, टीकाकारांना बदल झाल्याचे कळलेही नाही. कंपनी दुसऱ्यांच्या हातात गेल्यावर, २००० च्या आवृत्तीत, दैत्य आपल्या मूळ नावांनी उघडपणे परतले. पुलिंगबाई १९९७ मध्ये वारल्या, ‘बॅड’ त्याआधीच निष्प्रभ झाली होती. २०२४ मध्ये खेळाला पन्नास वर्षे झाली तेव्हा अमेरिकेच्या टपाल खात्याने त्याची तिकिटे काढली. संशय पूर्ण गेला असे मात्र नाही. विस्कॉन्सिनमधील एका तुरुंगाने कैद्यांना हा खेळ बंद केला होता, आणि २०१० मध्ये अपील न्यायालयाने ती बंदी उचलून धरली. कारण सैतान नव्हे, तर डीएमच्या हुकमतीखाली टोळी तयार होईल अशी भीती. ज्या डीएमचे म्हणणे टेबलावरचे कोणीच ऐकत नाही, त्याने हा निकाल जरूर वाचावा.

सासूबाईंना समजावताना अमेरिकेचे दाखले उपयोगी पडणार नाहीत, त्यांना २०१७ चे ‘ब्लू व्हेल’ आठवून द्या. मुंबईत अंधेरीतील एका मुलाच्या मृत्यूनंतर त्या कथित खेळाची धास्ती घराघरांत पोहोचली होती, शाळांनी सूचना काढल्या होत्या, केंद्र सरकारने दुवे हटवण्याचे आदेश दिले होते. जानेवारी २०१८ मध्ये तेव्हाचे गृहराज्यमंत्री हंसराज अहिर यांनी लोकसभेत सांगितले की मुलांची उपकरणे आणि इंटरनेटचा वापर तपासूनही त्यांपैकी एकाही घटनेत त्या खेळाचा संबंध सिद्ध झालेला नाही. धास्तीची बातमी पहिल्या पानावर होती. हे उत्तर किती जणांनी वाचले?

आपल्या देवांविषयीचे ऐकीव खरे आहे. १९७६ च्या पुरवणीत, आणि अधिक ठळकपणे १९८० च्या ‘डेइटीज अँड डेमिगॉड्स’ या पुस्तकात, ग्रीक, नॉर्स, इजिप्शियन देवांबरोबर एक भारतीय प्रकरण होते: इंद्र, अग्नी, वरुण, यम, विष्णू, लक्ष्मी, काली. प्रत्येकाला चिलखताचा आकडा आणि प्राणांचे गुण दिलेले होते, म्हणजे तत्त्वतः एखादे टोळके इंद्राशी लढू शकले असते. मला यात अपमानापेक्षा उथळपणा जास्त दिसतो. वेदातले आणि पुराणातले देव एकाच कोष्टकात कोंबून लिहिणाऱ्याने विश्वकोश चाळल्याच्या खुणा मागे ठेवल्या आहेत. त्या पुस्तकावर अमेरिकेत आक्षेप आले ते मुख्यतः ‘अन्य देवांचे पुस्तक’ म्हणून, आणि १९८५ मध्ये त्याचे नाव बदलून ‘लेजंड्स अँड लोअर’ असे सौम्य केले गेले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीच्या खेळाडू-पुस्तकात शेवटी प्राचीन देवतांची यादी आहे, पण तीत भारतीय देव नाहीत. राक्षस मात्र १९७७ पासून आजतागायत टिकून आहे: वाघाचे डोके, उंची कपडे, उलट्या तळव्यांचे हात, आणि पहिल्या चित्रात तर तोंडात पाइप. रावणाच्या गोष्टी ऐकलेल्या मुलाला तो पाहून हसू येते; निदान माझ्याकडच्या मराठी मुलांना येते, आणि मग ती इतरांना खरा राक्षस कसा असतो ते सविस्तर सांगू लागतात.

आता तुमच्या मुलाविषयी. सैतानाची चिंता सोडा, पण काही गोष्टी अवश्य पाहा. क्लब कोण चालवते, आणि तेरा वर्षांच्या मुलांबरोबर अठरा-वीस वर्षांचे बसतात का? शाळेच्या क्लबात सहसा बसत नाहीत, पण हाच खेळ ऑनलाइन अनोळखी लोकांबरोबरही चालतो, आणि तिथे कोणत्याही ऑनलाइन ओळखीत घ्याल तीच खबरदारी घ्या. पहिल्या बैठकीत गोष्टीत काय चालेल आणि काय नको हे ठरवतात का, ते विचारा. चांगले डीएम ठरवतात, आणि पुष्कळ टेबलांवर एक कार्ड ठेवलेले असते, ज्याला हात लावला की नको असलेला प्रसंग कारण न विचारता तिथेच थांबतो. मुलगा जेवण, झोप, अभ्यास आणि इतर मित्र सोडून केवळ यातच राहू लागला, किंवा सतत उदास, चिडचिडा दिसू लागला, तर शाळेच्या समुपदेशकाशी बोला; आणि बोलताना खेळावरून सुरुवात करू नका, त्याच्यावरून करा. तो मरणाविषयी बोलत असेल, तर ते पात्राचे मरण आहे की स्वतःचे, असे सरळ विचारा. अमेरिकेत आत्महत्येचे विचार येणाऱ्यांसाठी ९८८ हा मदतीचा दूरध्वनी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

शेजारच्या बाईंशी वाद घालू नका. बायबलच्या वचनांचा अर्थ तुम्ही त्यांना सांगण्यात हशील नाही. त्यांची काळजी खरी आहे हे मान्य करा, आणि जमल्यास दोघी मिळून क्लबात एक बैठक पाहायला जा. बहुतेक शिक्षक आनंदाने परवानगी देतात, फार तर एखादे पात्र तुमच्या गळ्यात मारतील. घरी पुस्तकांचा ढीग लगेच विकत आणायची गरज नाही. मूलभूत नियम कंपनीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात, जाडजूड पुस्तके वाचनालयात असतात, आणि सात फाशांचा एक संच त्याला वर्षभर पुरेल, तो दुसरा मागेल तरी.